टाचणी ते भिंग

बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात २००६ साली फुलपाखरांसाठी एक बंदिस्त घुमट उभा राहिला. आत दमट, उबदार हवा, फुलझाडं, आणि हाताच्या अंतरावर फुलपाखरं. कॅमेरेवाल्यांची चंगळच! पंख पसरून बसलेल्या फुलपाखरावर भिंग रोखलं की पंखांवरचे खवले कौलांसारखे एकावर एक रचलेले दिसतात. आपली सावली मात्र त्याच्यावर पडता कामा नये. पडली की ते उडालंच.

फुलपाखरं छपराखाली जवळून पाहण्याची हौस तशी जुनी. आमच्या बांद्याहून गोवा ओलांडला की कारवार. तिथे सव्वाशे वर्षांपूर्वी तीन साहेबांना हा नाद लागला होता: कलेक्टर डेव्हिडसन, मीठ-जकात खात्यातले एटकेन आणि वनखात्यातले बेल. (बेल जन्मले आयर्लंडमधल्या बँडन गावी. बांदा आणि बँडन, योगायोग पाहा!) उत्तर कानडा जिल्ह्यातल्या फुलपाखरांवरची त्यांची लेखमाला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १८९६पासून छापून आली. जाळं आणि टाचणी हीच तेव्हाची साधनं. पण मला मोलाचं वाटतं ते त्यांचं दुसरं काम. ते अळ्या आणून वाढवत, कोणती अळी कुठल्या झाडाचा पाला खाते ते टिपून ठेवत. बेल १९२० साली निवृत्त झाले, तरी कारवार त्यांनी सोडलं नाही. १९४८मध्ये तिथेच वारले.

पुढे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, काळाच्या ओघात टाचणी मागे पडली आणि कॅमेरा आला. कॅमेरा जीव घेत नाही, ही केवढी मोठी गोष्ट! पण पंखांच्या फोटोत झाड येत नाही.

महाराष्ट्राने २०१५ साली ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारं हे देशातलं पहिलं राज्य. काळ्या मखमली पंखांवर निळी झाक असलेलं हे फुलपाखरू कोकणात परसातसुद्धा येतं. त्याची अळी लिंबू, पपनस, रानातलं माकडलिंबू यांच्या पानांवर वाढते. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार. 'कीड लागली' म्हणून आपण फवारा मारतो तो तिच्यावरच. त्याआधी एकदा भिंग जवळ न्यावं. डिवचलं तर डोक्यामागून दोन मऊ शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते.