मोत माउली आणि मेणवलीची घंटा



‘तू सॉफ्टवेअरवर काहीतरी लिही’ असा संपादक मंडळाचा निरोप होता. पण ते काम मी रोज दहा तास करतेच. वसईत शाळा शिकलेल्याने लिहायचे तर किल्ल्याबद्दल लिहावे, म्हणून इतिहासाकडे वळले.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, हे आपल्याला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. परीक्षेत त्यावर ‘कारणे द्या’ हमखास असे. आपल्या वर्गातली निम्मी मुले ख्रिस्ती होती. ऑक्टोबर महिन्यात संध्याकाळी त्यांच्या घरी रोझरी चाले, म्हणून ती खेळ अर्धा टाकून पळत. ‘आम्ही मरियामातेला देव मानत नाही, आमच्यासाठी देवाकडे विनंती कर असे तिला सांगतो,’ असे माझ्या बाकावरच्या मैत्रिणीने मला समजावले होते. त्याच युद्धात या मरियाभक्तीचे काय झाले, हे मात्र धड्यात नव्हते. दोन खुणांवरून ते थोडे सांगता येते.

पहिली खूण वांद्र्याची मोत माउली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जेझुइट धर्मगुरूंनी समुद्राकाठच्या टेकडीवर मरियेचे छोटे चॅपल बांधले. १७०० मध्ये अरब चाच्यांनी सोन्याच्या आशेने मूर्तीचा उजवा हात तोडला. पुढे १७३८-३९ च्या युद्धात चॅपलच गेले. मूर्ती समुद्रात सापडेल असे स्वप्न एका कोळ्याला पडले आणि ती खरोखर सापडली, अशी आख्यायिका आहे. १७६० च्या सुमारास चॅपल पुन्हा उभे राहिले. हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. वांद्रे ज्या साष्टी बेटावर आहे, तिथे तेव्हा मराठ्यांचा अंमल होता. इंग्रजांनी साष्टी घेतली ती १७७४ मध्ये. म्हणजे युद्धात गेलेले मरियेचे स्थान मराठ्यांच्याच राज्यात पुन्हा बांधले गेले. वसईच्या तहातही मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना धर्म पाळण्याची मोकळीक दिलेली होती.

आजचे चर्च १९०४ चे. १९५४ मध्ये त्याला बॅसिलिकाचा दर्जा मिळाला. ८ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिवस. त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा भरते. पाय दुखत असेल तर मेणाचा पाय, घर हवे असेल तर मेणाचे घर वाहायचे. नवस बोलणाऱ्यांत हिंदू, पारशी सगळे असतात. नावातला ‘मोत’ हा पोर्तुगीज ‘मोंते’, म्हणजे डोंगर. ‘माउली’ मात्र आपली. वारकरी ज्ञानोबांना हाक मारतात तीच.

दुसरी खूण वाईजवळ मेणवलीला. कृष्णेच्या घाटावर नाना फडणीसांचा वाडा आहे आणि तिथेच देवळाजवळ एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. वसईच्या मोहिमेत हाती आलेल्या चर्चच्या घंटांपैकी ही एक. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला कडेवर घेतलेली मरिया आहे. घंटा विजयाची खूण म्हणून इतक्या लांब नेली, देवासमोर बांधली. पण तिच्यावरची आई आणि मूल कोणी घासून काढले नाही. पोरांच्या हातून ती आजही वाजते.

हे आत्ताच लिहिण्याचे कारण आहे. गेल्या वर्षी आपल्या ग्रुपवर ‘तुमचे’ आणि ‘आमचे’ यावरून जुंपली. दोघांनी ग्रुप सोडला, अजून परत आलेले नाहीत. वसईचा विजय खोटा नाही, त्याचा अभिमानही खोटा नाही. त्या युद्धात ज्यांची चर्चे पडली, तेही आपल्याच गावचे, मराठीतच ‘नमो मरिया’ म्हणणारे लोक, हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी एकाच धड्यात बसायला हव्या होत्या.

सहलीसाठी समिती जागा शोधते आहे असे कळले. मी मेणवली सुचवते. ग्रुप सोडलेल्या दोघांना फोन मी करीन.