टेम्पो, मिनीडोअर वगैरे

घर बदलायचं म्हटलं की आपण सहज म्हणतो, "एक टेम्पो सांगून ठेव." कुठल्या कंपनीचा, हे कोणी विचारत नाही. पण मंडळी, टेम्पो ही मुळात जर्मन कंपनी! तिची 'हॅन्सीट' ही तीनचाकी १९५८ पासून नवलमल फिरोदियांच्या बजाज टेम्पोने इथे बनवली. दुकानदाराला ट्रक परवडेना आणि हातगाडी पुरेना. ही बरोब्बर मधे बसली. मग सगळ्याच छोट्या मालगाड्या 'टेम्पो' झाल्या.

याच कंपनीच्या मिनीडोअरचं अलिबागकडे तेच झालं. अलिबागला आजही प्रवासी रेल्वे नाही. एसटी चुकली की सहा आसनी विक्रम नाहीतर मिनीडोअर. मासळीची पाटी, कॉलेजची पोरं आणि माझ्यासारखे वीकेंडचे पाहुणे, सगळे दाटीवाटीने एकत्र.

कारची जाहिरात 'तुमची स्वतःची' असण्याचा रुबाब विकते. वाटून घ्यायच्या गाडीला कसला आलाय रुबाब? पण जिच्यावाचून गावाचं अडतं, तिचं नाव लोकांच्या तोंडी बसतं. २००५ मध्ये कंपनीने 'फोर्स मोटर्स' हे नाव घेतलं. आपण मात्र अजून टेम्पोच सांगतो. मला विचाराल तर खरं ब्रँडिंग हेच!