मिठाच्या कुळातला लेझर

नाणेघाटाकडून आणे पठाराकडे जावे तसा जुन्नर तालुक्यातील पाऊस झपाट्याने कमी होत जातो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांतील बराचसा ओलावा घाटमाथ्यावरच रिता होतो आणि त्यापलीकडे पर्जन्यछायेचा, म्हणजे डोंगराच्या आडोशामुळे कमी पावसाचा, प्रदेश सुरू होतो. अष्टविनायकांपैकी विघ्नेश्वराचे ओझर या दोन टोकांच्या मध्ये, कुकडीकाठी, येडगाव धरणाच्या फुगवट्यालगत आहे, आणि त्याच्यासमोर दिसणारे पाणी मुख्यतः पश्चिमेकडे पडलेल्या पावसाचे आहे. डोक्यावरून भरलेले ढग जातात, पण बरसत नाहीत, हा अनुभव या पट्ट्याला नवा नाही. त्यामुळे प्रकाशाच्या झोताने ढगाला बरसते करता येईल, ही कल्पना येथे आशेने ऐकली जाणे स्वाभाविक आहे. मात्र लेझर प्रथम ढगांकडे वळला तो हवेचे मोजमाप घेण्यासाठी, आणि त्याची खरी योग्यता आजही तेथेच दिसते.

थिओडोर मेमन यांनी 1960 मध्ये पहिला लेझर चालवून दाखवला आणि 1963 मध्ये फिओको व स्मलिन यांनी लेझरचा झोत उंच वातावरणात सोडून तेथील धूलिकणांवरून परतणारा प्रकाश टिपला. प्रकाश किती वेळाने व किती तीव्रतेने परततो, यावरून कणांची उंची व दाटी ठरवणाऱ्या या साधनाला लिडार म्हणतात. 1962 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या आणि पुढे भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या संस्थेत 1986 पासून अरगॉन लेझरचा लिडार वापरून शहरावरील हवेतील सूक्ष्मकणांच्या नोंदी घेण्यात आल्या.

ढगात हात घालण्याचे काम मात्र त्याआधीच याच संस्थेने मिठाने सुरू केले होते. पुण्याच्या पूर्वेकडील बारामती परिसरात 1973 ते 1986 या काळातील अकरा पावसाळ्यांत विमानातून ढगांच्या पोटात मीठ आणि शंखजिऱ्याची बारीक पूड सोडण्यात आली. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते त्याच गुणामुळे त्याचे कण ढगातील बाष्प ओढून घेतात, मोठे थेंब तयार करतात, आणि ते थेंब खाली येताना लहानांना सामावून घेतात. या प्रयोगाची खरी थोरवी त्याच्या रचनेत आहे. कोणत्या दिवशी उत्तरेकडील पट्ट्यावर पूड सोडायची आणि कोणत्या दिवशी दक्षिणेकडील पट्ट्यावर, हे यदृच्छेने ठरवले जाई, मधला पट्टा मोकळा ठेवला जाई आणि दोन्ही बाजूंच्या पर्जन्यमापकांच्या नोंदींची तुलना केली जाई. त्यातून पावसात सुमारे 24 टक्के वाढ आढळली.

लेझर या मिठाच्या कुळात कसा दाखल झाला, याचे मूळ 1985 मध्ये डोना स्ट्रिकलंड व जेरार मुरू यांनी शोधलेल्या तंत्रात आहे. प्रकाशाचा अतिलघू स्पंद आधी लांबवायचा, मग त्याची शक्ती वाढवायची आणि अखेरीस त्याला पुन्हा आखडायचे, असे हे तंत्र असून त्यासाठी त्यांना 2018 चे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा स्पंदाची तीव्रता इतकी असते की हवाच त्याच्यासाठी भिंगासारखी वागते, झोत आपसूक एकवटतो आणि त्याच्या वाटेत विद्युतभारित कणांची केसासारखी बारीक तंतुरेषा उमटते. लिडारच्याच अभ्यासकांनी हे यंत्र मालवाहू पेटीत बसवून टेरामोबाइल नावाने मैदानात आणले; हवेतील प्रदूषकांचे मापन हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. 2010 मध्ये याच गटाने प्रयोगशाळेत आणि बर्लिनच्या आकाशात या तंतूंभोवती जलकण तयार होत असल्याचे प्रसिद्ध केले.

पुढे जिनिव्हाजवळ ऱ्होन नदीकाठी झालेल्या मोजणीतून कारण उलगडले. तंतूच्या तेजाने हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचे रेणू फुटतात, त्यांतून नायट्रिक आम्ल तयार होते, आणि हे आम्ल मिठाप्रमाणेच बाष्प ओढते. त्यामुळे सापेक्ष आर्द्रता 70 टक्क्यांच्या आसपास असतानाही जलकण टिकून राहतात. म्हणजे विमानाने वाहून न्यावा लागणारा बाष्पशोषक पदार्थ येथे प्रकाशच जागच्या जागी घडवतो, आणि ही निःसंशय विलक्षण गोष्ट आहे. परंतु हे कण काही मायक्रोमीटरचे, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजारांश भागांएवढे. पावसाचा एक थेंब बनायला ढगातील सुमारे दहा लाख कण एकत्र यावे लागतात, आणि तंतूचा व्याप ढगाच्या विस्तारापुढे नगण्य असतो. लेझरमुळे जमिनीवर मोजण्याजोगा पाऊस पडल्याचा पुरावा नाही. याउलट मिठाच्या वाटेवरचे काम पुढे गेले. सोलापूर परिसरात 2018 व 2019 मध्ये पुण्याच्या याच संस्थेने केलेल्या प्रयोगात पावसात सरासरी 18 टक्के वाढ नोंदवली गेली.

विजेच्या बाबतीत लेझरला अधिक ठोस यश आले. विद्युतभारित तंतू विजेला वाट देतो, या तत्त्वावर 2021 च्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमधील सेंटिस शिखरावर 124 मीटर उंच मनोऱ्याशेजारून सेकंदाला हजार स्पंद सोडणारा लेझर आकाशाकडे रोखण्यात आला. सहा तासांहून अधिक वादळी काळात त्याने चार विजांना दिशा दिली. त्यांपैकी एक सुमारे 50 मीटरपर्यंत लेझरच्या मार्गाने गेल्याचे छायाचित्रांत टिपले गेले. तांब्याची पट्टी व टोकदार सळई असलेल्या साध्या वीजवाहकाची जागा घेण्याइतके हे साधन अद्याप स्वस्त किंवा सुटसुटीत नाही.

जुन्नरच्या द्राक्षबागेत वळवाच्या तोंडावर काम करणाऱ्यांना आज खरोखर हाताशी आहे ते पुण्याच्या याच संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप, जे 20 व 40 किलोमीटरच्या परिघात वीज पडत असल्यास सूचना देते. ते फोनमध्ये ठेवावे. प्रकाशाने पाऊस पाडण्याचा दावा घेऊन कोणी गावात आल्यास, ज्या शेजारच्या पट्ट्यावर प्रयोग केला नाही तेथील पर्जन्यमापकाच्या नोंदी ग्रामसभेने आधी मागाव्यात.