मॉरिशसमधील मराठी समाज
हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या मराठी भाषकांच्या वंशजांचा समाज. बेटावर मूळ रहिवासी नव्हते. डच, फ्रेंच (१७१५–१८१०) व ब्रिटिश (१८१०–१९६८) सत्तांनी बाहेरून माणसे आणूनच ते वसवले. १८३५ मध्ये गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांसाठी ब्रिटिशांनी भारतातून मजूर नेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतील कुटुंबे होती. पोर्ट लुईच्या धक्क्यावर (पहा : आप्रवासी घाट) उतरल्यावर प्रत्येकाला नोंदणी क्रमांक मिळे. कारकून नाव कानावर येईल तसे रोमन लिपीत लिहीत; त्यामुळे बापाचे नाव पुढे आडनाव झाले आणि मूळ आडनावे बहुधा लोपली. वंशावळ शोधताना आज हीच मोठी अडचण ठरते.

घरात क्रिओल, कार्यालयात इंग्रजी, वर्तमानपत्रात फ्रेंच असा भाषाव्यवहार आहे. मराठी मुख्यतः शाळेत व पूजेत उरली. महात्मा गांधी संस्थेत (स्थापना १९७०) तिचे उच्च शिक्षण मिळते. सांस्कृतिक ओळख भाषेपेक्षा गणेशोत्सवात अधिक टिकली. हेन्रिएटा या गावी १८९६ पासून तो साजरा होतो. कोकणातील जाखडी तेथे ‘झाकरी’ नावाने ढोलकीवर नाचली जाते (पहा : जाखडी, बाल्या नाच). गणेशमूर्तींचे विसर्जन नद्यांत व समुद्रात होते. गणेशचतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते.