कुडाची शाळा

काल गोठ्याची एक बाजू दुरुस्त केली. कुडाच्या कुजलेल्या कामट्या काढल्या, चांगल्या पुन्हा विणल्या, वरून शेणमाती लिंपली. अर्ध्या दिवसाचं काम. विटांची भिंत पाडली असती तर नुसता मलबा उरला असता. हात चालत होते आणि डोक्यात सातपुड्यातल्या जीवनशाळा. नव्या पोरांना त्या ठाऊक नाहीत, म्हणून लिहितो.

नंदुरबार तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता. अक्कलकुवा, अक्राणी हे तालुके १९९८ पर्यंत आपल्या धुळ्यातच. तिथली नर्मदाकाठची ३३ गावं सरदार सरोवराच्या बुडितात येणार होती. सरकारी शाळा बऱ्याच ठिकाणी कागदावरच. मास्तर काही डोंगर चढून येत नसे. मग १९९१-९२च्या सुमारास नर्मदा बचाव आंदोलन आणि गावकरी यांनी मिळून चिमलखेडी, निमगव्हाणला स्वतःच्या शाळा उभ्या केल्या.

इमारत कसली, गावातल्या घरासारखंच घर. लाकडी खांब, बांबूचा कुड, वर कौलं. लाकूड-बांबू गावाचा, मेहनतही गावाची. गुरुजी म्हणजे आसपासच्या पाड्यांवरचीच थोडीफार शिकलेली पोरं. दिवसा वर्ग भरायचा, रात्री विद्यार्थी तिथंच झोपायचे. आधी पावरी नाहीतर भिलोरी, मग मराठी. चौथीपर्यंत शिक्षण. पोराला त्याच्याच बोलीत 'ये, बस' म्हणणारा गुरुजी भेटला, हीच मोठी गोष्ट.

इकडे धरणाची भिंत चढत गेली. २००६ साली १२१.९२ मीटर, शेवटी १३८.६८. पाणी वर आलं तशा काही शाळाही वर सरकवाव्या लागल्या. कुडाच्या घराचं बरं असतं: कौलं उतरवा, खांब उपटा, खांद्यावर घ्या, टेकडीवर पुन्हा रोवा. दुसऱ्या दिवशी पाढे सुरू.

पण भाऊ, शेत तसं उचलता येत नाही. नदीकाठची गाळाची जमीन, पिढ्यान् पिढ्या कसलेली, ती पाण्याखाली गेली ती गेलीच. शाळा वाचली, तिच्याखालची माती नाही वाचली. शेतकरी म्हणून मला तेच जास्त लागतं.

तुमच्यापैकी कोण कुडाच्या किंवा एका खोलीच्या शाळेत शिकलं? गावाचं नाव टाका, आणि आज तिथं काय उभं आहे तेही सांगा.