समुद्रजीवांचे खेळ : बालवाडीतील संगीत आणि हालचाल

समुद्रजीवांचे खेळ : तीन ते सहा वर्षांच्या मुलांना खेकडा, कासव, जेलीफिश, देवमासा अशा जीवांच्या चाली अंगात आणायला लावून लय, स्वर, नादाचा चढउतार आणि शांतता यांची ओळख करून देण्याची शिक्षणपद्धत. मूल एखाद्या जीवाचे सोंग घेते, कानावर पडणाऱ्या नादाप्रमाणे हलते आणि नाद बदलला की चाल बदलते. संज्ञा आणि स्वरलेखन पुढच्या इयत्तांसाठी राखून ठेवले जाते. ही पद्धत कोणा एकाच्या नावावर नाही. युरोपातील बालशिक्षण आणि संगीतशिक्षणातील तीन-चार प्रवाह तिच्यात एकत्र आले असून भारतातील मुलांचे जुने खेळही तिला जवळचे आहेत.

पूर्वपीठिका. बालोद्यानाची कल्पना मांडणाऱ्या फ्रीड्रिख फ्रबेल यांनी 1837 मध्ये जर्मनीतील बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था सुरू केली. 1844 मध्ये त्यांचे आई आणि मूल यांच्यासाठीचे गीतखेळांचे पुस्तक निघाले. त्यातील एका खेळात हाताची बोटे ओढ्यातल्या माशांसारखी पोहतात. पाणी, मासा, गाणे आणि हालचाल यांची सांगड बालोद्यानाइतकीच जुनी असल्याचे त्यावरून दिसते. पुढे एमिल जाक-दालक्रोझ (1865–1950) जिनिव्हाच्या संगीतविद्यालयात स्वरसंवादशास्त्र शिकवू लागले, तेव्हा त्यांना आढळले की विद्यार्थी बिनचूक वाजवतात, पण त्यांच्या अंगात लय नसते. त्यांनी विद्यार्थ्यांना चालायला, थांबायला, वळायला लावले. शिक्षक पियानोवर ऐनवेळी सुचेल ते वाजवतो आणि विद्यार्थी ते ऐकून शरीराने उत्तर देतो, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा आजच्या समुद्रखेळांतही टिकून आहे.

म्युनिकमध्ये डोरोथे ग्युंथर यांच्यासह 1924 मध्ये शाळा काढणारे संगीतकार कार्ल ऑर्फ आणि त्यांच्या सहकारी गुनिल्ड केटमान यांनी बोलणे, टाळी, नाच आणि सोपी तालवाद्ये यांना एकत्र आणले. लाकडी-धातूच्या पट्ट्यांच्या वाद्यावरून नको त्या पट्ट्या काढून ठेवायच्या आणि पाचच स्वर उरू द्यायचे, ही त्यांची युक्ती. पश्चिमेकडे सर्वाधिक वापरला जाणारा हा पंचस्वर आपल्याकडच्या भूपाचाच आहे : सा रे ग प ध. मुलाने कुठल्याही पट्टीवर काठी मारली तरी कानाला खटकत नाही, म्हणून ‘समुद्र वाजव’ एवढेच सांगून वाद्य मुलाच्या हाती देता येते. हंगेरीत झोल्तान कोदाय यांनी मुलाचा स्वतःचा आवाज आणि लोकगीते यांवर भर दिला. पंचमावरून गंधारावर उतरणारी हाक त्यांच्या परंपरेत पहिल्या पाठांत येते. लांबून कोणाला हाक मारताना मुलांच्या तोंडी हे स्वरांतर सहज येते. रूडॉल्फ लाबान यांनी हालचालीचे वजन, वेळ, अवकाश आणि प्रवाह असे घटक पाडले. हलके-जड, झटकन-सावकाश, सरळ-वळणदार, मोकळे-रोखलेले या जोड्यांमुळे शिक्षकाला मुलाची हालचाल नेमकी पाहता येते.

समुद्र कशासाठी? घोडा, हत्ती, ससा यांच्या नकला बालवाडीत पूर्वापार आहेत. त्या पावलांच्या आहेत : टापा, धपधप, उड्या. त्यांतून ठोका चांगला कळतो. पाण्यातल्या जीवांमुळे तरंगणे, फुगणे-आकसणे, लांबत जाणारी सलग हालचाल आणि एकाएकी येणारी स्तब्धता यांची भर पडते. आलाप, मींड आणि विराम यांना लागणारी शरीराची समज यातून येते आणि जमिनीवरचे प्राणी ती सहसा देत नाहीत. म्हणून जीव निवडताना त्याच्या चालीकडे पाहावे, दिसण्याकडे नाही. रंगीत मुखवटा चढवलेला, पण गुडघे वाकवून नुसता उभा असलेला ‘ऑक्टोपस’ संगीताच्या तासाला उपयोगी पडत नाही.

जीव आणि त्यांची चाल. जेलीफिशला हाडे नाहीत, मेंदूही नाही. छत्री आकसून पाणी मागे ढकलायचे आणि पुन्हा सैल सोडायची, एवढ्यावर ती पुढे सरकते. मुले दंड पसरून श्वास घेतात, नाद वाढेल तसे फुगतात, ओसरेल तसे मिटतात. नादाचा चढउतार शिकवण्यासाठी याहून सोपा जीव नाही. खेकड्याच्या पायांचे सांधे प्रामुख्याने आडव्या दिशेने वाकतात, म्हणून तो तिरका धावतो. व्यायामाच्या तासाला पोट वर करून हातापायांवर मागे सरकतात, त्या चालीलाही खेकड्याचेच नाव आहे, पण खेकडा तसा चालत नाही आणि चार वर्षांच्या मुलाचे खांदेही त्याने लगेच दमतात. उभ्यानेच आडवी, तुटक पावले केहरव्याच्या आठ मात्रांवर टाकून मधेच ‘बिळात’ गडप व्हावे, हे अधिक खरे आणि जमणारे आहे. कोळंबीच्या कुळातला टिचकी झिंगा एका मोठ्या नांगीने पाण्यात बुडबुडा फोडून कडाड आवाज करतो. दोन ठोक्यांच्या मधली टाळी शिकवायला तो योग्य.

कासवाकडे जरा थांबून पाहायला हवे. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास गावी ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण होते आणि पिल्ले समुद्राकडे जाताना पाहायला लोक मुलांना घेऊन येतात. ऑलिव्ह रिडले वाळूत उजवी-डावी बाजू आळीपाळीने टाकत सरकते. मोठे हिरवे कासव पुढचे दोन्ही वल्ह्यांसारखे पाय एकदम रेटते, मग दम घेते. पहिल्या चालीत एकाआड एक ठोका आहे, दुसरीत एक जोरकस ठोका आणि त्यामागे मोकळी जागा. रांगण्याच्या जागी ही दोन कासवे आळीपाळीने करायला दिली की सम आणि खाली यांची पूर्वतयारी आपोआप होते. देवमासा मंद्र स्वरांसाठी. कुबडधारी देवमाशाचे नर लांबलचक, पुन्हा पुन्हा येणाऱ्या रचना गातात. जीवशास्त्रज्ञ रॉजर पेन यांच्यामुळे 1970 मध्ये त्या गाण्यांची तबकडी निघाली आणि ती जगभर ऐकली गेली. हा आवाज ऐकवल्यावर मुले बहुधा काही न सांगता आडवी होतात. तारामासा शांततेसाठी आहे : हातपाय पसरून पडायचे आणि वर्गातला सर्वांत बारीक आवाज टिपायचा. मारिया मोंटेसरी यांच्या शांततेच्या खेळाशी हे थेट जुळते.

शंखात राहणारा खेकडा मोठा होईल तसा शंख बदलतो. काही जातींत मोठा शंख रिकामा होताच लहानमोठे खेकडे जणू रांग लावून एकापाठोपाठ घरे बदलतात. यावरून बसवलेला खेळ संगीतखुर्चीला उत्तम पर्याय आहे. जमिनीवर मुलांच्या संख्येइतकी रिंगणे आखायची. गाणे थांबले की प्रत्येकाने नवे घर शोधायचे. कोणीही बाद होत नाही. संगीतखुर्चीत सर्वांत कच्चे मूल सर्वांत आधी बाहेर बसते, म्हणजे ज्याला सरावाची गरज त्यालाच सराव मिळत नाही. बालवाडीत तो खेळ टाळावा.

ताल आणि वय. तीन-चार वर्षांच्या मुलाची स्वतःची चाल मोठ्यांपेक्षा जलद असते. संथ गाण्यावर पाय जुळवणे त्याला जड जाते, त्यात त्याचा आळस नसतो. म्हणून शिक्षिकेने आधी मुलाच्या पावलांवर खंजिरी वाजवावी आणि मग हळूहळू गती बदलावी. जर्मनीत लायपझिग येथील माक्स प्लांक संस्थेत सेबास्टियन किर्शनर आणि मायकल टोमासेलो यांनी 2009 मध्ये दाखवले की यंत्राच्या ठोक्यापेक्षा समोर बसून वाजवणाऱ्या माणसाबरोबर लहान मुले ताल अधिक चांगला जुळवतात. त्याच दोघांनी 2010 मध्ये चार वर्षांच्या मुलांच्या जोड्यांसाठी तळ्यातल्या बेडकांना जागे करण्याचा खेळ रचला. काही जोड्यांनी तो गात-वाजवत खेळला, काहींनी तसाच. गात खेळलेली मुले नंतर एकमेकांच्या मदतीला अधिक धावली. बेडूक समुद्राचा नाही, पण पाण्याच्या जीवांचा खेळ आणि संगीत यांच्या मिलाफाबद्दल याहून नेमका पुरावा क्वचितच सापडतो.

पडद्यावरची शार्कची गाणी या संदर्भात येतातच. 2016 मधले ‘बेबी शार्क’ नोव्हेंबर 2020 मध्ये यूट्यूबवर सर्वाधिक पाहिलेले चित्रण ठरले. त्याचा ठोका स्पष्ट आहे, हातांच्या खुणा सोप्या आहेत. मात्र ते मुलाच्या गतीसाठी थांबत नाही आणि त्यातला हावभाव ठरलेला असतो. वर्गात शिक्षिकेने तीच चाल स्वतः गावी, हवी तिथे थांबावी, पुढचा मासा कोण हे मुलांना विचारावे.

भारतातील दुवे. गिजुभाई बधेका यांच्या भावनगरच्या बालमंदिरात (1920) गाणे, गोष्ट आणि नाट्य यांना मानाचे स्थान होते. तिथे काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बोर्डी समुद्रकाठचे गाव आहे. महागड्या साधनांऐवजी परिसरातले साहित्य आणि परिसरातले अनुभव वापरण्याचा त्यांचा आग्रह या पद्धतीला तंतोतंत लागू पडतो. मुंबई परिसरातील मुलांमध्ये खेळला जाणारा एक जुना हिंदी गीतखेळही इथे नोंदवायला हवा : मुले हात धरून कडे करतात, मधल्या ‘माशा’ला पाणी किती आहे ते गाऊन विचारतात आणि मासा घोटा, गुडघा, कंबर, खांदा असे हाताने दाखवत जातो. पाण्याच्या प्रत्येक पातळीबरोबर एकेक स्वर चढवला की हाच खेळ सप्तकाचा पाठ होतो. कोळीनृत्यातील वल्ही मारण्याची आणि जाळे ओढण्याची हालचाल किनाऱ्यावरच्या मुलांना घरचीच असते. ती दादऱ्याच्या सहा मात्रांच्या झोक्यावर बसवता येते.

कोळीवाड्यातल्या मुलाला बोंबील, चिंबोरी, पापलेट यांची बाईंपेक्षा जास्त माहिती असू शकते. तिथे त्यालाच चाल दाखवायला सांगावे. विदर्भ-मराठवाड्यातल्या मुलाने समुद्र पाहिलेला नसतो. भंडारा-गोंदियाच्या तलावांच्या मुलखात आधी बांधावरचा खेकडा आणि तळ्यातला मासा घ्यावा, देवमासा नंतर. चित्रफितीतला समुद्र दाखवायला हरकत नाही, मात्र मूल ज्याला हात लावू शकते त्या पाण्यापासून सुरुवात झाली पाहिजे.

साहित्य आणि आवाज. जुनी निळी साडी चार कोपऱ्यांना धरली की लाट तयार होते. सुपात मूठभर मोहरी घालून सूप सावकाश कलते केले की किनाऱ्यावर ओसरणाऱ्या पाण्याचा नाद येतो. यासाठी बाजारातला महागडा समुद्रढोल लागत नाही. पाणी भरलेल्या वाट्या चमच्याने वाजवल्या की जलतरंगाची पहिली ओळख होते. पाश्चात्त्य संगीतातून कामीय सँ-साँ यांच्या ‘प्राण्यांचा मेळा’ (1886) या चौदा भागांच्या रचनेतील सातवा भाग, मत्स्यालय, पुष्कळ वर्गांत वापरला जातो. त्यात दोन पियानो, बासरी, तंतुवाद्ये आणि ग्लास हार्मोनिका यांनी पाण्याची चमक उभी केली आहे. भाग जेमतेम अडीच मिनिटांचा आहे. पहिल्या वेळी मुलांनी डोळे मिटून नुसते ऐकावे, दुसऱ्या वेळी फक्त हात हलवावेत, पूर्ण अंग तिसऱ्या वेळी.

गाताना स्वर बेताचा ठेवावा. या वयाचा सोयीचा पल्ला पेटीच्या मधल्या सप्तकात साधारण पांढरी दोन ते पांढरी सहा इतका लहान असतो. पांढरी दोनला षड्ज धरला तर तो सा ते प भरतो. शिक्षिका स्वतःच्या सोयीने खालच्या पट्टीत गाते तेव्हा मुले स्वर सोडून बोलू लागतात आणि ‘यांना सूर नाही’ असा अन्याय्य शिक्का बसतो.

तास पंधरा-वीस मिनिटांपलीकडे ताणू नये. मोठा आवाज किंवा अंगाला अंग लागणे सहन न होणाऱ्या मुलाला ‘खडक’ होऊन कडेला बसण्याची मुभा हवी. खडकही समुद्रातच असतो, त्यामुळे ते मूल खेळाबाहेर जात नाही. काही दिवस नुसते पाहिल्यावर अशी मुले अनेकदा स्वतःहून आत येतात. चाकाच्या खुर्चीवरील मूल साडीचा कोपरा धरून लाटेची गती ठरवू शकते आणि बाकी वर्ग त्याच्या गतीने पोहतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला आणि त्यासाठीचा अभ्यासक्रम आराखडा 2022 मध्ये आला. दोन्हींनी या वयात खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. तरीही अनेक शाळांत हे खेळ स्नेहसंमेलनाच्या तालमीपुरते उरतात : महिनाभर एकच नाच, एकाच ओळीत, एकसारख्या वेशात. त्यात मुलाला ऐकावे लागत नाही, आठवावे लागते. पद्धत रुजली आहे का हे पाहायचे असेल तर शिक्षिकेने वाजवता वाजवता न सांगता गती निम्मी करावी. किती मुले शेजाऱ्याकडे न बघता संथ झाली, कोण थांबले, कोणी नवीच चाल काढली, एवढे टिपले तरी पुढच्या आठवड्याच्या तासाची दिशा मिळते.