कोळवण खोऱ्यातलं मोठ्यांचं घर

मुळशी म्हटलं की पुणेकरांना धरण आठवतं, आंबेमोहोर आठवतो आणि इतिहासाची आवड असेल तर १९२१ साली सेनापती बापटांनी पुढे नेलेला सत्याग्रह. पौडहून कोळवणकडे वळल्यावर १९९४ साली जे सुरू झालं, त्याची आठवण सहसा कोणी काढत नाही. त्या वर्षी या खोऱ्यात ‘साधना व्हिलेज’ उभं राहू लागलं. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांसाठी. पण मुलांसाठी नव्हे, प्रौढांसाठी. मेधा टेंगशे यांचं नाव या कामाशी दीर्घकाळ जोडलेलं आहे.

यातला ‘प्रौढ’ हा शब्द तेव्हा नवा होता. महाराष्ट्रात विशेष मुलांच्या शाळा होत्या. मुंबईत वकील आडनावाच्या दांपत्याने आपल्या लेकीसाठी म्हणून १९४४ साली काढलेली शाळा पुढे जय वकील शाळा म्हणून नावारूपाला आली. पुण्यात सिंधुताई जोशींची ‘कामायनी’ १९६४ सालची. पण शाळा अठराव्या वर्षी संपते. मूल घरी येऊन बसतं, त्याला दाढीमिशा फुटतात, आईबापांचे केस पिकतात आणि दर पालकसभेत तोच प्रश्न वर येतो: आमच्यामागे याचं कसं व्हायचं?

त्या प्रौढांमध्ये स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक, कोण होते, हे आज सांगता येणं अवघड आहे. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली आणि अपंगत्वाच्या मुख्य यादीत शिरायला २०१६ उजाडलं. दिल्लीत मेरी बरुआंनी ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ १९९१ साली सुरू केली होती, पण जिल्ह्याच्या गावी तोवर एकच शिक्का चालायचा, ‘मतिमंद’. जो बोलत नाही तोही मतिमंद, आणि जो एसटीचं अख्खं वेळापत्रक घडाघडा म्हणतो पण ‘कसा आहेस?’ म्हटल्यावर गप्प राहतो, तोही. त्यामुळे आपल्याकडच्या स्वमग्न प्रौढांचा इतिहास शोधायचा तर तो दुसऱ्याच पाटीखाली शोधावा लागतो.

बाहेरच्या जगात तरी पाटी कधी लागली? बॉल्टिमोरच्या लिओ कॅनरने १९४३ साली अकरा मुलांचं वर्णन छापलं. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट, मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावचा. त्याच्या बोलण्याबद्दल कॅनरने बारकाईने लिहिलं: ऐकलेली वाक्यं तशीच परत म्हणणं, ‘मी’च्या जागी ‘तू’, शब्द अगदी अक्षरशः घेणं. पुढे जे घडलं ते मात्र फारसं कोणी सांगत नाही. नऊ वर्षांचा असताना डोनाल्डला घरापासून काही मैलांवर एका शेतकरी जोडप्याकडे ठेवण्यात आलं. त्याला मोजण्याचं वेड होतं. जोडप्याने ते मोडून काढलं नाही, त्याला विहीर खणायला लावली आणि खोली किती झाली ते सांगायला लावलं. मक्याचे तास मोजत बसायचा, तर नांगर धरायला देऊन नांगरता नांगरता मोजायला लावले. १९४५ साली कॅनर तिथे गेला तेव्हा त्या दोघांच्या शहाणपणाने थक्क झाला. १९७१ साली त्याने अकराही जणांचा पुन्हा माग काढला. जे सरकारी संस्थांमध्ये गेले होते, त्यांची दशा वाईट होती. डोनाल्ड बँकेत नोकरीला होता, गाडी चालवत होता, गोल्फ खेळत होता. २०२३ साली, एकोणनव्वदाव्या वर्षी तो गेला.

शेत आणि घर हीच जोडी युरोपातही दिसते. नाझींच्या तावडीतून निसटलेला व्हिएन्नाचा बालरोगतज्ज्ञ कार्ल कोनिग स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनजवळ पोचला. १९४० साली त्याच्या मंडळीने कॅम्पहिल नावाच्या मालमत्तेत बस्तान हलवलं. खरं तर हलवलं ते बायकांनी. पुरुषांना तोवर शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून ब्रिटिशांनी नजरकैदेत टाकलं होतं. तिथे विशेष मुलांसोबतच्या कामात कर्मचारी आणि रुग्ण अशी वाटणी नव्हती, सगळे एकाच छपराखाली राहायचे. मुलं मोठी झाली तेव्हा यॉर्कशरमध्ये बॉटन इथे १९५५ साली प्रौढांचं पहिलं कॅम्पहिल गाव वसलं. कोळवणच्या साधनाचं नातं या कल्पनेशी आहे. इथेही वॉर्ड नाहीत, घरं आहेत. घराला गृहमाता आहे. राहणाऱ्यांना ‘विशेष मित्र’ म्हणतात. स्वयंपाकघर, शेत, हस्तकला यांत कामाची वाटणी होते. जर्मनीसारख्या देशांतून तरुण स्वयंसेवक येऊन राहतात. शिवाय आसपासच्या वाड्यावस्त्यांवर, बायकांच्या बचत गटांत संस्थेचं काम आहे. म्हणजे कुंपण घालून बसलेली ही वसाहत नव्हे.

अशा घरात रोजचं बोलणं कसं चालत असेल, हे समजायला मराठीइतकी कठीण परीक्षा नसावी. निघताना आपण ‘येतो’ म्हणतो. बांगडी फुटली तर ती ‘वाढली’, दिवा विझवला तर तो ‘शांत केला’, आणि ‘बघू’ म्हणजे बहुतेक वेळा नाही. ‘जेवलास का?’ हा भर दुपारी अंगणातून जाताना टाकलेला नमस्कारच. त्यावर काय काय जेवलो याची यादी कोणाला नको असते. आपण हे सगळं शब्दांवरून नव्हे, सूर, चेहरा आणि वेळ यांवरून लावतो, आणि लावलं हे आपल्या लक्षातही येत नाही. शब्दाला शब्द म्हणून घेणाऱ्याला मात्र दर वेळी थांबून विचार करावा लागतो. तेवढ्यात चार माणसं पुढे बोलून मोकळी झालेली असतात.

कानाचंही असंच. गोंगाटात अधूनमधून क्षणभर आवाज खाली जातो, त्या फटीत बहुतेक लोक समोरच्याचा शब्द पकडतात. २००४ साली केंब्रिजच्या संशोधकांना आढळलं की स्वमग्न व्यक्तींना या फटींचा फायदा कमी मिळतो. याला उणीव म्हणून टाकावं, तर २०१७ साली लंडनमध्ये ॲना रेमिंग्टन आणि जेक फेअर्नी यांनी दाखवलं की स्वमग्न प्रौढ एकाच वेळी इतरांपेक्षा जास्त आवाज टिपतात. तेव्हा पंगतीत वाढप्याचं ओगराळं, पंखा, शेजारच्या खोलीतला टीव्ही आणि समोरच्याचा प्रश्न, हे सगळं सारख्याच जोराने आत येत असेल, तर उत्तर उशिरा येणारच.

संशोधकांनी इतकी वर्षं एकाच बाजूला दिवा धरला होता. २०१२ साली डेमियन मिल्टन या स्वमग्न समाजशास्त्रज्ञाने विचारलं की गैरसमज दोघांत होतो, तर दोष एकाचाच का? २०२० साली एडिंबरोच्या कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी आपल्या कानगोष्टींसारखा खेळ मांडला: आठ-आठ प्रौढांच्या नऊ साखळ्या, एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची. फक्त स्वमग्नांच्या साखळीत गोष्ट इतरांइतकीच नीट पोचली, मिश्र साखळीत तिची जास्त गळती झाली. हा निकाल भलताच गाजला. मग त्याच गटाने ३११ जणांवर प्रयोग पुन्हा केला आणि २०२५ साली छापला, तेव्हा मिश्र साखळ्याही मागे पडल्या नाहीत. पहिल्या निकालावर भाषणं ठोकणाऱ्यांची यात थोडी अडचण झाली, पण स्वमग्न माणूस मुळातच संवादाला नालायक, हे जुनं मत दोन्ही वेळा टिकलं नाही.

कोळवणच्या पिढीला या प्रयोगांचा उपयोग उशिराच होणार. १९९४ साली विशीत असलेला माणूस आता पन्नाशी ओलांडून गेला. आईबाप बहुधा थकलेले किंवा गेलेले. त्याला गुडघेदुखी, मधुमेह, मोतीबिंदू इतरांसारखेच होणार, फक्त दुखतंय कुठे हे तो इतरांच्या पद्धतीने सांगेलच असं नाही. दवाखान्यातला डॉक्टर ‘कसं वाटतंय?’ विचारतो आणि हा गप्प राहिला की ‘बरं आहे’ लिहून मोकळा होतो. तिथे त्याच्या रोजच्या चालीतला फरक ओळखणारं, तो आज भाताला शिवला नाही हे सांगणारं माणूस सोबत लागतं. अशी माणसं नेमायची कुठून आणि टिकवायची कशी, हा प्रौढांसाठी घरं चालवणाऱ्या प्रत्येक संस्थेपुढचा आजचा प्रश्न आहे.